लँडलाइनचा कॉर्डलेस: मेमरी डायलिंग, हेडसेट आणि खोक्यावर न छापलेल्या गोष्टी

कॉर्डलेस फोनच्या खोक्यावर रेंज, डिस्प्लेचा निळा उजेड आणि रिंगटोनची संख्या ठळक छापलेली असते. नंबर मेमरीत कसे राहतात आणि हँडसेटला हेडसेटची पिन लागते का, हे मात्र बारीक अक्षरांत, तेही मागच्या बाजूला. रोज दहा-वीस फोन करणाऱ्याला सुख किंवा वैताग मिळतो तो याच दोन गोष्टींमुळे. दवाखान्याचे काउंटर, सोसायटीचे ऑफिस, घरगुती क्लासेस, परदेशातल्या मुलांशी तासभर बोलणारे आजी-आजोबा, अशा ठिकाणी लँडलाइन अजून टिकून आहे आणि तिथे मोबाइलपेक्षा बरीही पडते. हे परीक्षण त्यांच्यासाठी.

निकाल आधीच सांगून टाकू. हँडसेटवर २.५ मिलिमीटरचा हेडसेट जॅक असेल आणि किमान ५० नावांचे फोनबुक असेल, तर संच घ्यावा. त्याला साधा, वायरचा, एका कानाचा हेडसेट लावावा. जॅक नसलेल्या संचाला ‘काहीतरी जुगाड करू’ म्हणून घेऊ नये, कारण तो जुगाड होत नाही. एखादाच फोन येतो-जातो अशा घरात मात्र हे सगळे फुकट आहे. तिथे तारेचा साधा फोन पुरेसा.

मेमरी म्हणजे चार वेगळ्या जागा

दुकानदार ‘मेमरी आहे’ म्हणतो तेव्हा तो कशाबद्दल बोलतोय ते विचारून घ्यावे. रीडायलची यादी म्हणजे तुम्ही शेवटचे लावलेले काही नंबर. कॉलर लिस्ट म्हणजे आलेले नंबर. फोनबुक म्हणजे नावानिशी साठवलेले. आणि स्पीड डायल म्हणजे आकड्याचे एक बटण दाबून धरले की लागणारा नंबर. पहिल्या दोन याद्या आपोआप भरतात आणि जागा संपली की जुने नंबर पुसले जातात, त्यामुळे ‘लिस्टमध्ये आहे ना’ म्हणून निर्धास्त राहू नये.

एकापेक्षा जास्त हँडसेटचा संच असेल तर आणखी एक प्रश्न: फोनबुक बेसमध्ये, म्हणजे लाइनची वायर लागते त्या मुख्य खोक्यात, आहे की हँडसेटमध्ये? काही संचांत ते सामाईक असते, म्हणजे स्वयंपाकघरातल्या हँडसेटवर भरलेले नाव बेडरूममध्येही दिसते. गिगासेटसारख्या संचांत प्रत्येक हँडसेटचे फोनबुक स्वतंत्र असते, पण एकातून दुसऱ्यात संपूर्ण यादी पाठवता येते. स्वतंत्र असेल तर एकाच हँडसेटवर नीट यादी तयार करावी आणि मग पाठवावी. दोन्हीकडे थोडे-थोडे भरत बसले की महिन्याभरात दोन्ही याद्या अर्धवट होतात.

स्पीड डायलची पद्धत कंपनीगणिक बदलते आणि वयस्कर माणसाला द्यायचा असेल तर हा फरक मोठा आहे. गिगासेटमध्ये २ ते ९ यांपैकी नेमलेले बटण दाबून धरले की नंबर थेट लागतो. १ हे बटण व्हॉइस मेलसाठी राखीव. पॅनासॉनिकच्या अनेक मॉडेलांत १ ते ९ अशी नऊ बटणे मिळतात, पण दाबून धरल्यावर आधी नंबर पडद्यावर येतो आणि मग टॉकचे बटण दाबावे लागते. दुसरी पद्धत एका टप्प्याने लांब, तरी चुकून फोन लागत नाही. हँडसेट कमरेला अडकवून फिरणाऱ्याला तीच बरी. पलंगाशी हँडसेट ठेवणाऱ्या रुग्णाला पहिली.

मदतीचे नंबर स्पीड डायलवर ठेवायचे तर ११२ आणि महाराष्ट्रातली रुग्णवाहिकेची १०८ ही दोन. बटण थेट लागणारे असेल आणि घरात लहान मूल असेल तर ती दोन फोनबुकमध्येच ठेवा. तसेही ते तीन आकडे बोटाने दाबायला वेळ लागत नाही. स्पीड डायलची बटणे लांब नंबरांसाठी वापरावीत.

शून्याची गोष्ट

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले. ‘मेमरीतला नंबर लागत नाही, फोन बिघडला’ या तक्रारीचे सर्वात मोठे कारण आजही हेच आहे. त्याआधी शहरातल्या मोबाइलसाठी नुसते दहा आकडे पुरत, आणि फोनबुकमध्ये ते तसेच भरलेले आहेत. फोन निर्दोष असतो, यादी जुनी असते.

नवा संच आणला की सर्व मोबाइल नंबर ०ने सुरू होतील असेच भरावेत. खरी अडचण कॉलर लिस्टमध्ये येते. एक्सचेंजकडून नंबर दहा आकडी येतो, शून्याशिवाय. यादीतून तोच परत लावला की ‘कृपया शून्य लावून डायल करा’ अशा अर्थाची ध्वनिफीत ऐकू येते. म्हणून घेताना हे तपासा: यादीतला नंबर लावण्याआधी बदलता येतो का? चांगल्या संचांत एडिट करून पुढे शून्य घालता येतो. स्वस्त संचांत यादीतून थेट कॉलच होतो, मध्ये काही घालता येत नाही. तिथे नंबर आधी फोनबुकमध्ये सेव्ह करायचा, मग शून्य जोडायचा, मग लावायचा. दिवसातून एकदा ठीक. पंधरा पेशंटना परत फोन करायचा असेल तर हा एकच दोष संच नाकारायला पुरेसा आहे.

याला दुसरी बाजूही आहे. फोनबुकमध्ये शून्यासकट आणि येणारा नंबर शून्याविना, म्हणजे दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत. काही संच शेवटचे आकडे पाहून नाव दाखवतात, काही पूर्ण जुळणीच मागतात आणि मग ओळखीच्या माणसाचाही फोन नुसता नंबर म्हणून दिसतो. पूर्ण जुळणी मागणाऱ्या संचात यावर इलाज नाही. एक नाव शून्यासह भरून, कोणाला तरी फोन करायला सांगून, नाव उमटते का ते पाहावे.

लँडलाइन नंबर कसे भरावेत? पुणे ०२०, मुंबई ०२२, नागपूर ०७१२, नाशिक ०२५३, कोल्हापूर ०२३१, गोवा ०८३२. शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा आकडे होतात. गावातल्या गावात आपण कोड न लावता फोन करतो, आणि फोनबुकमध्येही तसेच भरतो. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नंबर योजनेबद्दल केलेल्या शिफारशींत लँडलाइन ते लँडलाइन सर्व कॉल शून्य आणि एसटीडी कोडसह लावावेत असे सुचवले आहे. म्हणून नवी यादी करताना एक स्थानिक नंबर कोडसह लावून पाहा. लागला, तर सगळेच तसे भरून टाका. पुन्हा यादी दुरुस्त करायची वेळ येणार नाही.

अधिकाचे चिन्ह इथे चालत नाही. मोबाइलमध्ये आपण +९१ सर्रास साठवतो. लँडलाइनवर त्या चिन्हाचा टोनच नाही. परदेशात लावायचा तर ०० आणि पुढे त्या देशाचा कोड, अर्थात लाइनवर आयएसडी सुरू असेल तर. उलट दिशेने, अमेरिकेत राहणाऱ्यांनी घरच्या फोनबुकमध्ये पुण्याचा नंबर ०११-९१-२० आणि पुढे आठ आकडे असा भरावा. इथे ०२० मधला शून्य गळतो, आणि नेमका तोच ठेवला म्हणून ‘भारतात फोन लागत नाही’ असे होते. हे पंधरा आकडे झाले. पॅनासॉनिकच्या बऱ्याच मॉडेलांत एका नोंदीत २४ आकडे मावतात, त्यामुळे जागेची चिंता नाही.

पॉझ: छोटे बटण, मोठे काम

मेमरीतून नंबर लागतो तेव्हा फोन सगळे आकडे झपाट्याने पाठवतो. बोटाने लावताना आपण नकळत डायल टोनची वाट पाहतो, फोन पाहत नाही. सोसायटी किंवा ऑफिसच्या ईपीएबीएक्समागे, म्हणजे आतल्या फोनांना बाहेरची लाइन देणाऱ्या यंत्रामागे, फोन असेल तर बाहेरची लाइन मिळण्याआधीच पुढचे आकडे जातात, पहिला-दुसरा आकडा गळतो आणि भलत्याच घरी घंटी वाजते. यावर उपाय म्हणजे पॉझ. बहुतेक हँडसेटवर तो रीडायल किंवा फ्लॅशच्या बटणावरच असतो आणि नंबर भरताना दाबला की पडद्यावर ‘पी’ उमटतो. पॅनासॉनिकमध्ये एक पॉझ साडेतीन सेकंदांचा असतो.

बाहेरच्या लाइनसाठी शून्य लागत असेल तर मोबाइलची नोंद अशी होते: शून्य, पॉझ, पुन्हा शून्य, मग दहा आकडे. पहिला शून्य सोसायटीच्या यंत्राचा, दुसरा एक्सचेंजचा. दोन शून्य लागोपाठ पाहून ‘चुकून दोनदा पडला’ म्हणून एक खोडणारे भेटतात. नोंदीला हात लावू देऊ नये.

थेट लाइनवरही पहिला आकडा गळत असेल तर नंबराच्या आधी एक पॉझ घालून पाहा. फायबरच्या लाइनवर, म्हणजे ओएनटीच्या (फायबर घरात येते तिथल्या खोक्याच्या) टेल किंवा फोन लिहिलेल्या पोर्टात वायर लावली असेल तर, वेगळा अनुभव येतो: नंबर पूर्ण गेल्यावरही तीन-चार सेकंद शांतता. यंत्र आणखी आकड्यांची वाट पाहत असते. अनेक ओएनटींवर नंबराच्या शेवटी # घातला की कॉल लगेच पुढे जातो. एका नोंदीवर करून पाहा. जमले तर बाकीच्यांना जोडा.

फोनबुकचा सर्वात दुर्लक्षित उपयोग म्हणजे कॉल चालू असताना आकडे पाठवणे. पॅनासॉनिकच्या पुस्तिकेत याला चेन डायल म्हणतात. वीज मंडळाच्या १९१२ वर फोन लावला की बारा आकडी ग्राहक क्रमांक विचारला जातो. गॅसचा एलपीजी आयडी सतरा आकडी. हे आकडे वेगळ्या नावाने फोनबुकमध्ये ठेवायचे. कॉल सुरू असताना फोनबुक उघडायचे, ती नोंद निवडायची आणि कॉलचे बटण दाबायचे. आकडे टोनच्या रूपात जातात. चष्मा शोधणे नाही, बिल शोधणे नाही. ग्राहक क्रमांक मूळ नंबरालाच पॉझ घालून चिकटवू नका, कारण समोरची ध्वनिफीत कधी भाषा आधी विचारते, कधी तक्रारीचा प्रकार, आणि साडेतीन-साडेतीन सेकंदांचा हिशेब कोलमडतो. बँकेचा पिन किंवा कार्डाचा नंबर यात कधीही ठेवू नये. हे फोनबुक कोणीही उघडून वाचू शकतो.

आणि हो, लाइन टोनवर असली पाहिजे. मेनूमध्ये डायलिंग मोड पल्सवर (आकडे टोनऐवजी खटक्यांनी पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीवर) राहिला असेल तर नंबर कदाचित लागेल, पण ‘मराठीसाठी एक दाबा’ला काहीच उत्तर जाणार नाही.

मामा, मामी, मावशी आणि ६ नंबरचे बटण

नावे रोमन लिपीतच भरावी लागतात, साधारण सोळा अक्षरांत. शोधताना पहिल्या अक्षराचे बटण दाबतो. आता आपली नाती पाहा: मामा, मामी, मावशी, नाना, नानी हे सगळे ६ वर. आई, आजी, आत्या, बाबा, काका, काकू यांतली पहिली तीन एका अक्षरावर, बाबा पाठोपाठ त्याच २ वर. काका-काकू ५ वर. पन्नास नावांच्या यादीत अर्धी मंडळी दोन बटणांवर गर्दी करतात आणि बाणाचे बटण दाबून अंगठा दुखतो. उपाय: नात्याआधी गाव किंवा नाव. ‘सांगली मामा’, ‘ठाणे मामा’, ‘सुधा मावशी’. कामाच्या नोंदींना एकच उपसर्ग द्यावा, उदाहरणार्थ डॉक्टर, दवाखाना, केमिस्ट सगळ्यांना ‘झेड’ने सुरू करावे; ते यादीच्या शेवटी एकत्र येतात आणि वरून एकदा उलटा बाण दाबला की हजर.

स्पेलिंगही एकच धरावे. घरात एक जण ‘व्ही’ लिहितो आणि दुसरा ‘डब्ल्यू’, मग वैशाली दोनदा सापडते किंवा सापडतच नाही.

हेडसेट: पिन लहान, भानगड मोठी

घरगुती कॉर्डलेसचा जॅक जवळजवळ नेहमी २.५ मिलिमीटरचा असतो, हँडसेटच्या कडेला, रबरी झाकणाखाली. मोबाइलच्या इअरफोनची पिन ३.५ मिलिमीटरची. बाजारात आकार बदलणारे कनेक्टर थोडक्या पैशांत मिळतात आणि ते लावले की बहुतेकदा असे होते: तुम्हाला एका कानात ऐकू येते, समोरच्याला तुमचे काही ऐकू येत नाही किंवा विहिरीच्या तळातून आल्यासारखे येते.

कारण जोडणीत आहे. कॉर्डलेसच्या पिनेवर दोन काळ्या रेघा, म्हणजे तीन भाग: सर्वसाधारणपणे टोकाला माइक, मधे इअरपीस, मागे ग्राउंड. मोबाइलच्या पिनेवर तीन रेघा आणि चार भाग: टोकाला डावा कान, मग उजवा, मग ग्राउंड, शेवटी माइक. नुसता आकार बदलला की डाव्या कानाचा स्पीकर फोनच्या माइकच्या जागी जाऊन बसतो. स्पीकर उलटा वापरला तर थोडासा माइकसारखा वागतो, म्हणून तो विहिरीतला आवाज. खरा माइक तोवर ग्राउंडला चिकटून गप्प. तेव्हा एकतर मुळातच २.५ मिलिमीटरच्या तीन भागांच्या पिनेचा टेलिफोन हेडसेट घ्यावा, किंवा आतली जोडणी बदलणारा, ‘कॉर्डलेस फोनसाठी’ असे स्पष्ट लिहिलेला अडॅप्टर. पॅनासॉनिकचे केएक्स-टीसीए मालिकेतले हेडसेट याच पिनेचे आहेत.

कॉल सेंटरवाले हेडसेट स्वस्तात मिळतात म्हणून उचलून आणू नका. त्यांच्या वायरीच्या टोकाला आरजे-९ची पारदर्शक प्लास्टिक पिन असते. ती टेबलावरच्या तारेच्या फोनची. ब्लूटूथबद्दलही गैरसमज आहे. मोबाइल जोडता येणाऱ्या कॉर्डलेसमध्ये, म्हणजे पॅनासॉनिकच्या लिंक-टू-सेलसारख्या संचांत, ब्लूटूथ असते ते मोबाइलचा कॉल हँडसेटवर घेण्यासाठी. म्हणून ब्लूटूथ हेडसेट त्याला जोडता येईलच असे नाही. गिगासेटच्या वरच्या श्रेणीतल्या काही हँडसेटना ब्लूटूथ हेडसेट चालतो. पुस्तिकेत ‘हेडसेट’ हा शब्द ब्लूटूथच्या पानावर आहे का, ते पाहून घ्यावे.

एका कानाचा की दोन? लँडलाइनचा आवाज मोनो. दोन कानांचा घेतला तरी दोन्हीकडे तेच. घरात दाराची बेल, कुकरची शिट्टी, मुलाची हाक ऐकू यायला हवी, म्हणून एक कान मोकळा ठेवणारा बरा. वर्दळीच्या काउंटरवर मात्र दोन कानांचा. कानात खुपसायच्या प्रकारापेक्षा डोक्यावरून जाणारी पट्टी आणि माइकची दांडी असलेला प्रकार संभाषणासाठी कितीतरी चांगला, कारण माइक तोंडापासून ठरलेल्या अंतरावर राहतो. दांडी ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर. ओठांच्या समोर आणली की श्वासाची फुरफुर जाते आणि ‘प’, ‘फ’ फुटतात. गोंगाट गाळणारा माइक पंख्याची घरघर बरीच कमी करतो, मिक्सरपुढे हात टेकतो.

पिन खोचली की हँडसेटचा स्वतःचा इअरपीस आणि माइक बंद होतात. फोन उचलायचा मात्र हँडसेटच्याच बटणाने. हेडसेटच्या वायरीवरचे छोटे खोके म्यूट आणि आवाजासाठी असते, फोन उचलण्यासाठी नाही. हँडसेट क्रेडलवर (चार्जिंगच्या बैठकीवर) नसल्यामुळे ‘उचलताच कॉल सुरू’ ही सोयही इथे लागू पडत नाही. पॅनासॉनिकमध्ये बोलता-बोलता सर्वांना ऐकवायचे असेल तर स्पीकरफोनचे बटण दाबावे, परत कानात घ्यायचे तर टॉकचे. पिन काढाघाल करायची गरज नाही, आणि करूही नये; सैल जॅकचे मूळ त्यातच आहे.

जॅकमध्ये एक बारीक पत्ती असते, तीवरून पिन आत आहे की नाही हे फोनला कळते. पत्ती अडकली की हेडसेट काढूनही फोनला वाटते तो लागलेलाच आहे. कॉल लागतो, रिंग वाजते, हँडसेटमधून मात्र चिटपाखरूही बोलत नाही. लोक अशा वेळी लाइनमनला बोलावतात. स्पीकरफोन लावून पाहा; त्यावर आवाज येत असेल तर लाइन ठणठणीत आहे. पिन पाच-सहा वेळा सरळ आत-बाहेर करा, पत्ती बहुधा सुटते. तेल किंवा स्प्रे आत मारू नये. अर्धवट खोचलेली पिनही हाच खेळ करते, म्हणून ती टक्कन बसली पाहिजे.

वायर खाली ओढली जाते तो ताण सगळा जॅकवर येतो. काटकोनात वळलेली पिन असेल तर उत्तम. नसेल तर वायरीचा एक वेढा बेल्ट क्लिपभोवती घ्यावा. क्लिप संचासोबत येते की वेगळी घ्यावी लागते, ते विचारा. हँडसेटचा मागचा भाग क्लिपसाठी खाचा नसलेला, गुळगुळीत असेल तर त्याला जॅक असूनही उपयोग निम्मा. तो खिशातच ठेवावा लागतो आणि खिशात बटणे दाबली जातात. की लॉक वापरा. गॅसशी उभे राहून बोलणाऱ्यांनी वायर पदराच्या किंवा ओढणीच्या आतून घ्यावी.

समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतोय अशी तक्रार आली तर हेडसेटचा आवाज दोन पायऱ्या कमी करा; इअरपीसचा आवाज माइकमध्ये शिरत असतो. सतत ‘स्स्स’ असा आवाज तांब्याच्या लाइनवर ब्रॉडबँडही असताना येत असेल तर कॉर्डलेसचा बेस स्प्लिटरच्या (फोन आणि ब्रॉडबँड वेगळे करणाऱ्या डबीच्या) फोन लिहिलेल्या पोर्टात आहे का, ते बघा. हा आवाज आधीही असतो, हेडसेटमुळे तो कानाशी येतो इतकेच.

कमरेला लावला की रेंज का घटते

डीईसीटी या कॉर्डलेसच्या डिजिटल रेडिओ पद्धतीवर चालणाऱ्या संचांची छापील रेंज घरात ५० मीटर आणि मोकळ्यावर ३०० मीटर. ती मोजताना मधे ना जांभ्याची भिंत असते, ना वाड्याची दगडी, ना स्लॅब. शिवाय हेडसेट वापरताना हँडसेट कमरेला असतो आणि तुमचे शरीर मधे येते. पाणी भरलेले शरीर या लहरी बऱ्यापैकी शोषते. कानाशी धरून जिथे स्पष्ट ऐकू येत होते तिथेच कमरेला लावल्यावर खरखर येते. बेस ज्या दिशेला आहे त्या बाजूच्या कमरेला हँडसेट अडकवला तरी फरक पडतो.

भारतात वर्षानुवर्षे खपलेले पॅनासॉनिकचे केएक्स-टीजी ३४११ किंवा बीटेलचे एक्स ७० यांसारखे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचाही तोच पट्टा. फायबर आले की ओएनटी आणि बेस एकाच फळीवर, एकमेकांना चिकटून ठेवले जातात, कारण वायर आखूड असते. लांब टेलिफोन वायर घेऊन बेस किमान एक-दीड मीटर दूर, जरा उंचावर न्या, आणि घरातली जड वापराची उपकरणे ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर टाका. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेला ‘डीईसीटी ६.०’ संच कितीही देखणा असला तरी इथे लावू नये. तो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतो आणि भारतात तो पट्टा मोबाइल कंपन्यांना दिलेला आहे. शिवाय त्याचा अडॅप्टर बहुधा फक्त १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टवर लावला की पहिल्याच दिवशी धूर. हेडसेट तेवढा काढून घ्यावा, २.५ मिलिमीटरची पिन जगभर तीच.

बॅटरी आणि वीज

बहुतेक हँडसेटमध्ये १.२ व्होल्टच्या दोन ट्रिपल-ए निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्या असतात. पहिल्यांदा सात तास सलग चार्ज करावे. बदलताना दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, ५५० ते ८०० एमएएचच्या. रिमोटमधले साधे सेल घालू नका: ते चार्ज होत नाहीत, फुगतात, गळतात आणि संपर्काच्या पट्ट्या खाऊन टाकतात. हेडसेटने बॅटरीवर वेगळा भार पडत नाही, उलट स्पीकरफोनपेक्षा तो काटकसरी; पण हेडसेट लावणाऱ्याचा हँडसेट दिवसभर क्रेडलबाहेर असतो हे खरे कारण आहे. दुपारच्या जेवणाला क्रेडलवर ठेवायची सवय लावावी. किनारपट्टीवर क्रेडलच्या पट्ट्यांवर हिरवट थर येतो आणि ‘रात्रभर ठेवला तरी चार्ज नाही’ असे होते. कोरड्या फडक्याने, न गेल्यास पेन्सिलच्या खोडरबराने घासावे, अडॅप्टर काढून.

वीज गेली की बेस बंद, म्हणजे फोन बंद. हँडसेटची बॅटरी भरलेली असून उपयोग नाही. तांब्याच्या लाइनवर एक साधा तारेचा फोन जोडून ठेवावा, त्याला एक्सचेंजकडूनच वीज मिळते. फायबरवर तोही चालत नाही, कारण ओएनटीच बंद पडतो. तिथे इन्व्हर्टरवर बेस आणि ओएनटी दोन्ही घ्यावे लागतात. एक घेऊन दुसरा विसरलेली घरे पुष्कळ.

दुकानात पाच मिनिटे मिळाली तर एवढे करून पाहा. रबरी झाकण उघडून जॅक खरोखर आहे ना ते बघा. काही मॉडेलांत एकाच साच्याचे झाकण असते आणि आत भोक नसते. एक नाव भरा, नंबरात पॉझ टाकून ‘पी’ उमटतो का पाहा. कॉलर लिस्टमधल्या नंबरापुढे शून्य घालून बघा. बॅटरी काढून मिनिटभराने परत घाला आणि भरलेले नाव अजून आहे का तपासा. हेडसेट तिथेच लावून दुकानदाराच्या मोबाइलवर फोन करा आणि मोबाइल त्याच्या कानाला न देता स्वतः घ्या. तुमचा आवाज कसा जातो ते तुम्हालाच ऐकायचे आहे.